नवं पॉइंट टू-टू पिस्तूल: नळीची नको, स्प्रिंगची काळजी कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात चार वर्षं क्लबच्या हत्यारावर २५ मीटर पिस्तूल खेळलीस, आणि आता वयाच्या २३व्या वर्षी स्वतःचं आयात केलेलं .२२ सेमी-ऑटोमॅटिक घेतलंस. ३०० राउंड, म्हणजे गोळ्या, झाले, त्यात पाच वेळा अडकलं. क्लबमधले एक ज्येष्ठ म्हणाले, नळी पन्नास हजारांत संपते, जपून मार. दुसरे म्हणाले, नवं हत्यार मोकळं व्हायला हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या, गोळ्या मार. कुठली अ‍ॅम्युनिशन घेऊ, सरावाला स्वस्त आणि मॅचला महाग चालेल का, ड्राय, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबायचा सराव, करून फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी सुई) तुटते का, आणि सध्याच्या पावसाळ्यात काय सांभाळू, हे तू विचारलं आहेस.

मी २६ वर्षं पिस्तूल शिकवतोय. मुलांची हत्यारं उघडून, साफ करून, जोडून देणं हेही त्याच कामात आलं. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेलं हत्यार असतं, त्यामुळे ते टिकेल का ही धाकधूक मला नवी नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नळीची चिंता आधी सोडून दे. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे १८८७ सालचं काडतूस आहे. त्याची गोळी मऊ शिशाची, वरून मेणाचा हात दिलेली, वजन ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. दारू चिमूटभर, दाब कमी. तांब्याचं आवरण असलेली गोळी मोठ्या दाबाने नळीतून जाते तेव्हा नळी घासते. आपल्याकडे तसं काही होत नाही. थोडी झीज होते ती चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या, पुढच्या तोंडाशी, कारण या काडतुसाच्या कडेतल्या प्राइमरमध्ये (ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्यात) बहुधा काचेची बारीक पूड असते. पण तिला फार वेळ लागतो. लाखावर राउंड झालेल्या आणि तरीही दहाच्या वर्तुळात गोळ्या घालणाऱ्या नळ्या मी स्वतः हाताळल्या आहेत. तू आठवड्याला तीन दिवस, दर वेळी ८० राउंड मारलेस तर वर्षाला साधारण १२,००० होतात. त्या ज्येष्ठांचं ऐकायचं तर चार वर्षांत तुझी नळी भंगारात जायला हवी. तसं होत नाही. नळी बिघडते ती बहुतेक वेळा साफ करणाऱ्याच्या हातून: पुढच्या तोंडातून लोखंडी सळई घालून खरवडलं की तोंडाची कड जाते, आणि मग गोळ्या पसरायला लागतात. सळई वापरायचीच तर मागच्या बाजूने, प्लास्टिकचं आवरण असलेली. मी तर दोरीला कापडाची पट्टी बांधून चेंबरकडून तोंडाकडे ओढणं पसंत करतो. तेही रोज नको. नळीच्या आतला पातळ थर गोळीला सवयीचा झालेला असतो. रोज घासून चकचकीत केलीस तर पुढच्या सत्रातल्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भलतीकडेच जातील.

हत्यार म्हातारं होतं ते लहान भागांमुळे. बोल्ट, म्हणजे चेंबरमागे पुढे-मागे सरकणारा ठोकळा, त्याच्यामागची रिकॉइल स्प्रिंग, फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारी, नखी, बोल्ट मागे येऊन आदळतो तिथला बफर, मॅगझिनची (गोळ्या भरायच्या पेटीची) स्प्रिंग आणि मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा. हे भाग मुळात झिजण्यासाठीच असतात आणि वेळेवर बदलायचे असतात. माझा ठोकताळा असा: जोरात सराव करणाऱ्याने रिकॉइलची आणि फायरिंग पिनची अशा दोन्ही स्प्रिंगा वर्षातून एकदा किंवा १०,००० राउंडांना, जे आधी होईल तेव्हा बदलाव्यात, बफर दर दोन-तीन हजारांना काढून बघावा. त्यावर चीर दिसली किंवा कड चेपलेली दिसली की नवा टाकायचा. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो माझ्या ठोकताळ्याच्या वरचा मान.

हे भाग इथल्या बाजारात मिळत नाहीत, मागवून यायला महिने लागतात. म्हणून मोडल्यावर मागवायचं असं चालत नाही. एका छोट्या डबीत एक फायरिंग पिन, प्रत्येकी दोन स्प्रिंगा, एक एक्स्ट्रॅक्टर, दोन बफर आणि एक जादा मॅगझिन आजच तयार ठेव. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला १० मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ते हवेवरचं हत्यार, तुझं दारूवरचं. पण घड्याळ दोघींसाठी सारखंच चालतं. तीच मुलगी २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यं घेऊन आली.

आता तुझे पाच स्टॉपेज. तू फक्त 'अडकलं' एवढंच लिहिलंस. त्यातून मला काहीच कळत नाही, कारण अडकण्याचे किमान तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा. पहिला: ट्रिगर दाबला, टक् आवाज आला, गोळी सुटली नाही. दुसरा: गोळी सुटली, पण रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, बाहेर न पडता खिडकीत उभी अडकली. तिसरा: नवीन राउंड चेंबरमध्ये गेलाच नाही, नाक उताराला टेकून वाकडा बसला.

पहिल्या प्रकारात न सुटलेला राउंड फेकू नकोस. नळी टार्गेटकडे ठेवून अर्धा मिनिट थांब, कारण उशिराने सुटणारी गोळी ही खरी गोष्ट आहे. मग मॅगझिन काढ, बोल्ट मागे घे आणि तो राउंड उजेडात धर. बूड आपल्याकडे कर. कडेवर फायरिंग पिनची खूण दिसेल. शेजारी एक नीट सुटलेली केस धर. सुटलेल्या केसवर खड्डा खोल, कोपरे स्वच्छ उठलेले, जणू लहान पटाशीने एकच घाव घातलाय. न सुटलेल्यावर खड्डा तसाच खोल असेल तर दोष काडतुसाचा: कडेत प्राइमरची पेस्ट सगळीकडे सारखी पसरलेली नसते, त्या जागी ती पोहोचलेलीच नव्हती. खड्डा उथळ, नुसता ओरखडल्यासारखा असेल तर दोष हत्याराचा किंवा तुझ्या तेलाचा. बोल्टच्या आत भरमसाट तेल घातलं की ते काजळी आणि मेण धरून चिकट होतं आणि पिन मलमातून चालल्यासारखी चालते. आणि एक तिसरी शक्यता, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: चेंबरच्या तोंडाशी मेण-शिशाचा कडा जमला असेल तर राउंड किंचित मागे राहतो. पिनचा घाव मग राउंड आत ढकलण्यातच खर्च होतो, पेटवायला उरत नाही. असा राउंड दुसऱ्या ठोक्याला सुटतो. एखादा राउंड दुसऱ्यांदा मारल्यावर सुटला, तर आधी चेंबर बघ. छोट्या टॉर्चने पाहिलंस तर राखाडी बांगडीसारखा कडा दिसेल. पितळी ब्रशचे चार फेरे आणि कोरडं कापड एवढं पुरे. चेंबर कायम कोरडं ठेवायचं. तेल चालतं फक्त बोल्टच्या घसरपट्टीवर, तेही दोन थेंब.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे केस उभी अडकते तेव्हा, बोल्ट पुरेसा मागे गेलेला नसतो. नव्या हत्यारात रिकॉइल स्प्रिंग कडक असते, ती पहिल्या चार-पाचशे राउंडांत बसते. ३०० राउंडांत असे दोन-तीन झाले असतील तर मी अजून काळजी करणार नाही. पण ५०० नंतरही तसंच चाललं तर एक्स्ट्रॅक्टरची नखी, चेंबर आणि अ‍ॅम्युनिशन या क्रमाने बघायचं. मनगट सैल ठेवल्यानेही हे होतं. तू चार वर्षं खेळलेली आहेस, तरी नव्या ग्रीपवर हात अजून बसलेला नसेल.

तिसऱ्या प्रकाराचा दोष जवळपास नेहमीच मॅगझिनचा असतो. आज घरी गेलीस की बारीक मार्करने मॅगझिनांवर १, २, ३ असे आकडे टाक, आणि प्रत्येक अडकणं वहीत आकड्यासकट लिही. पाचातले तीन एकाच मॅगझिनचे निघाले तर तुझा अर्धा प्रश्न सुटला.

हे मी इतकं जीव तोडून सांगतोय त्याला कारण आहे. माझी एक विद्यार्थिनी, राज्य पातळीची स्पर्धा, रॅपिडचा, म्हणजे झटपट नेमाचा, टप्पा. तीन सेकंद टार्गेटवर गोळी मारायला, सात सेकंद हात खाली, असं पाच वेळा. दुसऱ्या मालिकेत तिसऱ्या गोळीला राउंड वाकडा बसला. चार वर्षांची सवय, तिने क्षणात बोल्ट ओढला, राउंड झटकला. तिथेच संपलं. नियम असा आहे की हत्यार अडकलं तर ते टार्गेटकडेच रोखून धरायचं, पकड सोडायची नाही, काहीही उघडायचं नाही, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला येऊ द्यायचं. त्याने तपासून दोष खेळाडूचा नाही असं ठरवलं तर सवलत मिळते, आणि तीही ३० गोळ्यांच्या एका टप्प्यात एकदाच. स्वतः हात घातला की सवलत गेली. तिच्या तीन गोळ्या शून्यावर लागल्या. संध्याकाळी आम्ही मॅगझिन दिव्याखाली धरलं. उजवा ओठ डाव्यापेक्षा किंचित बाहेर फाकलेला, नखाने चाचपलं तरच कळेल इतकाच. आठवडाभर आधी ते रेंजच्या सिमेंटवर पडलं होतं. तिने पुसून पुन्हा वापरायला घेतलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि खरं सांगतो, मीही नाही. कारण पडलेलं मॅगझिन मॅचला न्यायचं नाही हे मीच तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून सांगतो: जे मॅगझिन सिमेंटवर पडलं ते सरावाचं झालं. त्यावर मार्करने फुली मार.

ट्रिगर दाबल्यावर बोट पुरेसं पुढे न सोडल्यामुळे पुढची गोळी सुटली नाही, तर तो हत्याराचा दोष धरत नाहीत, तुझाच धरतात. नव्या ट्रिगरवर हे खूप होतं, कारण तो किती पुढे आल्यावर पुन्हा पकडतो ते बोटाला अजून माहीत नसतं.

आता हाय व्हेलॉसिटी. हा सल्ला देणाऱ्याने चांगल्या मनाने दिला असेल, पण तो ऐकू नकोस. तुझ्या पिस्तुलात बोल्टला कुलूप नसतं. गोळी पुढे जाते तेव्हा मागे येणाऱ्या केसला अडवतं ते फक्त बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा जोर. कारखान्याने ही दोन्ही वजनं स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या गोळीला धरून ठरवलेली असतात, म्हणजे सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. आता आकडेमोड करून बघ. २.६ ग्रॅमची गोळी ३२५ ऐवजी ३७५ मीटरने गेली तर बोल्टला मिळणारा धक्का साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. धक्का १५ टक्क्यांनी वाढला की बोल्टची ऊर्जा वाढते जवळपास एक तृतीयांशाने, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. स्प्रिंग आपल्या वाटणीची ऊर्जा पिते, उरलेली सगळी जाते बफरवर आणि त्यामागच्या फ्रेमवर. म्हणजे हत्यार मोकळं होत नाही, ठोकलं जातं. सीसीआयची मिनी-मॅग ही साधारण ३७६ मीटरची गोळी. शिकारी रायफलला ती चांगली आहे, मॅच पिस्तुलाला नाही. त्याच कंपनीची स्टिंगर तर अजिबात नको: तिची केसच नेहमीच्या केसपेक्षा लांब असते आणि मॅचच्या घट्ट चेंबरमध्ये ती बसवायची नसते. नवं हत्यार मोकळं करायचं तर त्याच्याच गोळीने, स्टँडर्ड व्हेलॉसिटीने, पाचशे राउंड शांतपणे मार. दर शंभराला चेंबर पुस आणि बोल्टला दोन थेंब तेल दे.

मग गोळी कोणती? इथे मी बहुतेकांपेक्षा वेगळं सांगतो. मुलं येतात आणि विचारतात, सर, सगळ्यात छोटा ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा पसारा) कुणाचा. पिस्तुलासाठी हा पहिला प्रश्न नाही. २५ मीटरच्या प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमाच्या टप्प्याच्या, टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, आतलं इनर टेन २५ मिलिमीटरचं. रॅपिडच्या टार्गेटवर दहाच १०० मिलिमीटरचं. ठीकठाक दर्जाची कुठलीही मॅच गोळी हत्यार टेकवून मारली तर २५ मीटरवर दोन सेंटिमीटरच्या आसपास बसते. तुझा हात, माझा हात, कुणाचाही हात त्यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. रायफलवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ५० मीटरवर १०.४ मिलिमीटरच्या दहात गोळी घालायची असते, तिथे लॉट, म्हणजे एकत्र बनलेल्या गोळ्यांची खेप, निवडण्यावर पदक ठरतं. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये जे कांस्य आणलं, त्या खेळात अ‍ॅम्युनिशन टेस्टिंग ही साधना असते. आपल्या खेळात गोळीने आधी दोन गोष्टी द्यायला हव्यात: ती दर वेळी सुटली पाहिजे आणि दर वेळी आत गेली पाहिजे. तिसरी गोष्ट, धक्का दर वेळी सारखा हवा, म्हणजे रॅपिडला साइट (नेम धरायची खूण) एकाच जागी परत येते. ग्रुप चौथ्या नंबरावर.

म्हणून पिस्तुलासाठी बनवलेली गोळी घे. एलीची रायफलची टेनेक्स पुढून चपटी असते, त्यांची पिस्तूलची गोळी मात्र गोल नाकाची. हा नुसता डब्याचा रंग बदललेला नाही, गोल नाक उतारावरून घसरत आत जातं, चपटं कधीकधी टेकतं. जर्मनीत शोनेबेकला बनणाऱ्या एसके आणि लापुआ, आरडब्ल्यूएस, बर्मिंगहॅमची एली, यातलं जे तुझ्या असोसिएशनमार्फत नियमित मिळतं ते घे. 'नियमित' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे गोळी हवी तेव्हा दुकानात जाऊन घेता येत नाही. ती लायसन्सवर चढते, कोट्यात येते, खेपेने येते. वर्षभर एक चांगली गोळी हातात असणं, हे दोन महिने सर्वोत्तम आणि मग चार महिने मिळेल ते मारण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

सरावाला स्वस्त आणि मॅचला महाग हे चालतं, पण एक अट आहे. दोन्हींचा वेग आणि धक्का जवळचा हवा. शक्यतो एकाच कंपनीच्या दोन पायऱ्या घे. प्रिसिजनच्या सरावाला, पकड, साइट आणि ट्रिगरच्या कामाला स्वस्त गोळी उत्तम. रॅपिड मात्र मॅचच्याच गोळीवर घोटायचं, निदान स्पर्धेआधीचे दोन आठवडे. तीन सेकंदांत हात वर येतो, साइट दिसते, गोळी सुटते. त्या लयीत धक्का बदलला की बोट कचरतं. आणि साइट पुन्हा बघून घे: गोळी बदलली की टार्गेटवरची जागा दोन-तीन क्लिकने हलू शकते.

लॉट तपासायचा माझा मार्ग साधा आहे. प्रत्येक प्रकारचे ५० राउंड वेगळे काढ. तिन्ही मॅगझिनांतून, पाच-पाचच्या दहा मालिका, एकही घाई न करता. न सुटलेले किती, अडकलेले किती, आणि आवाजाने किंवा धक्क्याने वेगळे वाटलेले किती, एवढंच लिही. ५० मध्ये एक जरी न सुटला तर आणखी १०० मार. १५० मध्ये दोन न सुटले आणि खूण खोल असेल तर तो लॉट सरावाला. मॅचच्या गोळ्यांवरचा लॉट नंबर वहीत उतरव आणि तोच नंबर पुढच्या खेपेला माग. मिळेलच असं नाही, पण मागायचं. आणि एखादी गोळी नेहमीच्या टाळीऐवजी 'फुस्' अशी वाजली तर तिथेच थांब. मॅगझिन काढ, बोल्ट उघड, हत्यार रिकामं आहे याची खात्री करून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते मागून बघ. गोळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरी मारली की नळी फुगते, आणि मग मात्र ती खरोखर संपते.

हवामानाचं एक सांगतो, कारण आपली मुलं त्यात फसतात. गोळीवरचं मेण उन्हात वितळतं. मे महिन्यात पार्क केलेल्या गाडीच्या डिकीत गोळ्यांची पेटी राहिली तर मेण एका बाजूला ओघळतं, त्याला धूळ चिकटते आणि ती सगळी चेंबरमध्ये जाते. उलट डिसेंबरात दिल्लीला तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर सकाळच्या पहिल्या रिलेला (तुकडीला) हेच मेण कडक होतं. कोल्हापूर-साताऱ्याच्या मुलीला पहिल्यांदा तिथे वाटतं, हत्यारच बिघडलं. गोळ्यांचा डबा जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव, उबदार गोळी मार, आणि बोल्टवर घरच्यापेक्षा पातळ तेल घाल.

पावसाळा. तुझं पिस्तूल जूनमध्येच आलं, म्हणजे पहिली परीक्षा सुरू झाली आहे. साताऱ्यात पावसाचे चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. कंपनीच्या फोमच्या डब्यात पिस्तूल ठेवू नकोस. फोम ओल शोषतो आणि धरून ठेवतो. रेंजवर नेण्यापुरता तो डबा. घरी सुती कापडात, कुलपाच्या लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसह. गोळ्या वेगळ्या कुलपात. सराव झाल्यावर धातूला जिथे हात लागला तिथे पुसणं विसरू नकोस. माझ्याकडे आलेल्या एका पिस्तुलाच्या बॅरलवर अंगठ्याचा ठसा गंजाने उमटला होता, रेषा न् रेषा मोजता येईल इतका. मुलगा संध्याकाळी घामट हाताने बंद करून गेला आणि चार दिवसांनी उघडलं. पातळ तेलाचा बोळा फिरवायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

लाकडी ग्रीप पावसाळ्यात किंचित फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुलैत घट्ट वाटली म्हणून लगेच घासायला बसू नकोस. ऑक्टोबरात तीच सैल होईल आणि घासलेलं लाकूड परत येत नाही. एक पूर्ण वर्ष तिच्यासोबत काढ, मग हात लाव. ग्रीपचा स्क्रू आणि मागच्या साइटचे स्क्रू मात्र दर आठवड्याला तपास. नव्या हत्यारात ते हमखास सैलावतात, आणि सैल साइट घेऊन मुलं महिनाभर आपल्या ट्रिगरला दोष देत बसतात.

ड्रायबद्दल. काठावर पेटणाऱ्या काडतुसाच्या हत्यारात पिन केसच्या कडेवर पडते. केस नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आपटू शकते, आणि तिथे एक बारीक खाच पडली की पुढे केस निघताना अडखळते. अनेक मॅच पिस्तुलांत ड्रायसाठी वेगळी सोय असते, ज्यात ट्रिगर तसाच सुटतो पण पिन पुढे आपटत नाही. तुझ्या पुस्तिकेत ते पान शोध आणि तसंच कर. सोय नसेल तर प्लास्टिकचा डमी राउंड वापर आणि चेपला की बदल. ड्राय कर, भरपूर कर. तुझे गुण त्यातूनच वाढणार आहेत. फक्त ज्या खोलीत ड्राय करतेस तिथे एकही जिवंत राउंड नको, आणि चेंबर दोनदा बघायचं: एकदा डोळ्याने, एकदा करंगळीने.

ट्रिगरचं वजनही टिकाऊपणातच येतं. आपल्या खेळात किमान १,००० ग्रॅम. नवा ट्रिगर पहिल्या एक-दोन हजार राउंडांत बसतो आणि वजन उतरू शकतं. १,००० वर अगदी काठावर ठेवलेला ट्रिगर मॅचच्या तपासणीत ९९० निघाला तर वर्षाची मेहनत गेली. १,०३० ते १,०५० वर ठेव आणि महिन्यातून एकदा क्लबच्या वजनाने, नळी सरळ वर करून, उचलून बघ. १०३० आणि १००० मधला फरक बोटाला कळत नाही.

सराव झाला की हात साबणाने धू, मगच जेवणाचा डबा उघड. शिसं हातावर राहतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात, २५ मीटर पिस्तूलमध्ये. तेव्हापासून सातारा-कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली मोठ्या संख्येने पॉइंट टू-टू उचलताना मी पाहतोय, आणि मला त्याचा फार आनंद आहे. म्हणूनच तुझं हत्यार स्प्रिंगसारख्या भागापायी बसून राहिलेलं मला बघवणार नाही.

तर आता एवढं कर. उरलेले २०० राउंड स्टँडर्ड व्हेलॉसिटीचेच मार, नंबर टाकलेल्या मॅगझिनांतून. न सुटलेला प्रत्येक राउंड आणि त्याच मालिकेतली एक सुटलेली केस शेजारी ठेवून बुडाचा फोटो काढ, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. मॅगझिनचा नंबर, डब्यावरचा लॉट नंबर आणि त्या दिवशी पाऊस होता का, हे खाली लिहून पाठव. मग पिन बदलायची, मॅगझिन बदलायचं की गोळी, ते सांगतो.